‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ : गडहिंग्लज तालुक्यातल्या एका जवानाचे २७ दिवस

मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता कोल्हापुरात राहतो. तालुक्यातून कोणी ना कोणी कागद घेऊन येतं. कुणाचं पेन्शन अडकलेलं असतं, कुणाच्या विधवा सुनेचं नाव रेकॉर्डला लागलेलं नसतं. हे प्रकरण त्यातलंच, पण यात एका शब्दाच्या चुकीच्या अर्थापायी एका पोराची नोकरी जायची वेळ आली होती. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

पार्श्वभूमी

जवान २६ वर्षांचा, हुद्दा सिपाही, सहा वर्षांची नोकरी. मूळ पलटण मराठा लाइट इन्फंट्री, त्या वेळी दहशतवाद्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्स या दलात, काश्मीर खोऱ्यात. घरी आई, बायको, थोरला भाऊ आणि भावाचा कॉलेजात जाणारा मुलगा. तीन एकर ऊस, आणि चुलत्यांबरोबर शेतात जायच्या वाटेवरून गडहिंग्लजच्या कोर्टात दावा. दाव्यात प्रतिवादी म्हणून दोघाही भावांची नावं.

तो ६० दिवसांच्या वार्षिक रजेवर आला. रजा १० एप्रिलला संपत होती. ४ एप्रिलला आई न्हाणीत घसरून पडली, खुबा मोडला. ९ तारखेला कोल्हापुरात ऑपरेशन झालं. १० तारखेला त्याने कंपनीच्या क्लार्कला फोन करून १५ दिवस रजा वाढवून मागितली. क्लार्क म्हणाला, अर्ज पाठवा. याने वहीच्या कागदावर अर्ज लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. नाही म्हटलं नाही म्हणजे मंजूर, असं त्याने धरलं.

इथेच पहिली गाठ बसली. फौजेत वाढीव रजा मंजूर झाल्याचा निरोप हातात येईपर्यंत रजा वाढत नाही. ११ एप्रिलपासून तो ‘ओएसएल’ झाला, म्हणजे रजा संपूनही हजर न झालेला. घरात मात्र तो आईला उठवत-बसवत होता आणि सगळ्यांना वाटत होतं की रजा चालू आहे.

अडचण : एका कागदाचे दोन अर्थ

बाराव्या दिवशी, २२ एप्रिलला, युनिटचं पत्र आलं. इंग्रजीत, वडिलांच्या नावे. वडील चार वर्षांपूर्वी गेले, पण रेकॉर्डला अजून तेच होते. पत्राची प्रत जिल्हा पोलिस अधीक्षकांना. ते पत्र मी नंतर पाहिलं. थोरल्या भावाने निळ्या बॉलपेनने त्यातल्या चार शब्दांखाली दोनदा रेघ ओढली होती : ‘व्हाइल ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’. रेघ इतकी दाबून की कागद मागून उठला होता.

मी विचारलं, हे कशाला अधोरेखित केलं? तो म्हणाला, “सुभेदारसाहेब, मला वाटलं यातच जीव हाय. अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर हाय म्हणजे नोकरी चालू हाय. काढला नाही त्याला. मग म्हटलं, २ मेची कोर्टाची तारीख करूनच जाऊ दे.”

त्याला मी दोष देत नाही. आपल्याकडे हा शब्द रोज त्याच अर्थाने वापरतात. मुलगी दाखवताना म्हणतात, “मुलगा अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसला आहे.” म्हणजे रिटायर नाही, पगार चालू आहे. पत्रात तो शब्द आश्वासन म्हणून नव्हता, आरोप जड करणारा म्हणून होता. त्या चुकीच्या वाचनात ११ दिवस गेले.

१ मेला गावचे पोलिस पाटील घरी आले. पोरगा घरातच बसलेला पाहून त्यांनी समजुतीने सांगितलं की ठाण्यात कागद आला आहे. त्या रात्री पुतण्याने मोबाइलवर शोधलं. ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ आणि ‘पळून जाणे’ हे दोन शब्द एकत्र टाकल्यावर त्याला मृत्युदंड दिसला. घरात रडारड. आदल्या दिवसापर्यंत निर्धास्त असलेलं घर एका रात्रीत फाशीपर्यंत पोहोचलं. तरीही २ मेची कोर्टाची तारीख जवानाने केलीच. समोरच्यांचे वकील आले नाहीत, पुढची तारीख पडली. ३ मेला, तेविसाव्या दिवशी, दोघे भाऊ माझ्याकडे आले.

कायद्यात या शब्दाचा अर्थ काय

दोघांनाही आधी हे समजावून सांगणं गरजेचं होतं, म्हणून इथे थोडा थांबतो.

आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ३ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ची व्याख्या आहे. ती नोकरीच्या वर्षांची नाही, एका काळाची आहे. जवान शत्रूविरुद्ध कारवाईत गुंतलेल्या दलाचा भाग असेल किंवा त्याला जोडलेला असेल तो काळ. शत्रूने पूर्ण किंवा थोडा व्यापलेल्या प्रदेशात तो लष्करी कारवाई करत असेल किंवा तिकडे कूच करत असेल तो काळ. किंवा परदेशाचा लष्करी ताबा घेतलेल्या दलात असेल तो काळ. आणि ‘शत्रू’ म्हणजे फक्त पलीकडच्या देशाची फौज नव्हे. त्याच कलमात सशस्त्र बंडखोर, दंगलखोर, समुद्री चाचे आणि ज्याच्याविरुद्ध उभं राहणं जवानाचं कर्तव्य आहे असा कोणीही शस्त्रधारी माणूस शत्रू धरला आहे. त्यामुळे युद्ध जाहीर झालेलं नसतानाही अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस असते.

शिवाय कलम ९ आहे. व्याख्येत बसत नसलं तरी केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या किंवा एखाद्या वर्गातल्या जवानांना अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर असल्याचं मानू शकतं. १९७७ सालच्या अधिसूचनेत जम्मू-काश्मीर आणि ईशान्येतले काही भाग असे धरले आहेत. नगरच्या किंवा पुण्याच्या छावणीत बसलेल्या आणि खोऱ्यात पोस्टवर असलेल्या जवानांचा पगार एकाच तारखेला जमा होतो, पण एकाच चुकीसाठी कायदा दोघांना वेगळा लागू शकतो.

आता फरक कुठे पडतो ते. कलम ३८ पळून जाण्याबद्दल आहे, फौजेच्या भाषेत डेझर्शन. अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर असताना किंवा तिकडे जायचा हुकूम असताना पळून गेलं तर कोर्ट मार्शल मृत्युदंडापर्यंत जाऊ शकतं, इतर वेळी सात वर्षांपर्यंत कैद. कलम ३९ नुसत्या गैरहजेरीबद्दल आणि पुरेशा कारणाशिवाय रजा ओलांडण्याबद्दल आहे. तिथे कमाल तीन वर्षं, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस असो वा नसो. पुतण्याने मोबाइलवर जे पाहिलं ते खरं होतं, पण ते ३८ चं होतं. आपला पोरगा त्या घडीला ३९ मध्ये होता.

आणि ३९ मधून ३८ कडे जाणारी वाट दिवसांनी मोजली जाते. कलम १०६ प्रमाणे ३० दिवस गैरहजर राहिल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची अंतर्गत चौकशी, बसते, गैरहजेरीची नोंद होते, आणि त्यानंतरही माणूस परत आला नाही तर त्याला पळपुटा मानलं जातं. मी कागदावर तारखा मांडल्या. ११ एप्रिलपासून मोजून ३० वा दिवस १० मेला येत होता.

थोरल्याने विचारलेला प्रश्न चांगला होता. “पण साहेब, त्यो तर घरात हुता. आईच्या उशाला. घरात बसलेला माणूस अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर कसा?” मी म्हटलं, पाय कुठे आहेत हे कायदा विचारत नाही, माणूस कुठल्या दलाचा भाग आहे हे विचारतो. रजेवर आला म्हणून तो त्या बटालियनचा भाग असायचा थांबला नाही. कलम ३९ मध्येच एक पोटकलम रजेवरच्या जवानासाठी आहे : आपल्या तुकडीला अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसचा हुकूम झाल्याचं कळूनही तो ताबडतोब परतला नाही तर तो गुन्हा. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरी आलेला जवान होताच.

माझं मत मी दोघांना स्पष्ट सांगितलं. ‘मी घरी होतो, मग अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस कसली’ या वादावर पोराची नोकरी लावायची नाही. वाद घालायचा तो दोन गोष्टींवर. त्याचा पळून जायचा हेतू कधीच नव्हता, आणि उशिराला कारण होतं. हेतू नसेल तर ३८ उभं राहत नाही, आणि ३८ नसेल तर त्या चार शब्दांचा जडपणाही कमी होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय भावाने सुचवला. गावातल्या डॉक्टरकडून जवानच आजारी होता असा मागच्या तारखेचा दाखला घ्यायचा. हे मी तिथल्या तिथे मोडून काढलं. रजेवर खरंच आजारी पडलं तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला किंवा सरकारी दवाखान्यात दाखवून युनिटला कळवावं लागतं, आमच्या भागाला बेळगावचं मिलिटरी हॉस्पिटल आहे. खोटा दाखला दिला तर रजा ओलांडण्याच्या चुकीवर खोटेपणाचा गुन्हा चढतो. आईच्या ऑपरेशनचे खरे कागद हातात असताना खोट्याची गरजही नव्हती.

दुसरा पर्याय, आई काठीवर चालायला लागेपर्यंत थांबायचं, म्हणजे आणखी दीड महिना. १० मे उलटून जाणार. त्यात घरच्यांचा एक धोका होता, तो त्यांना ठाऊकच नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ मध्ये पळून आलेल्या जवानाला जाणूनबुजून आसरा देणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सूट आहे ती फक्त नवरा-बायकोला. आईला नाही, भावाला नाही. हे सांगितलं तेव्हा थोरला बराच वेळ गप्प बसला.

तिसरा, वकील लावून थेट सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजी प्रकरणांच्या कोर्टात जायचं. पण अजून शिक्षा नाही, आदेश नाही. जायचं तरी कशाविरुद्ध?

चौथा आणि पाचवा पर्याय खरे होते, आणि त्यांच्यात निवड करणं अवघड गेलं. एक म्हणजे जवळच्या फौजी ठिकाणी हजर व्हायचं. कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे, आणि दोन-अडीच तासांवर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. तिथे गेलं की त्याच दिवसाची तारीख कागदावर लागते. पण मग युनिटमधून एस्कॉर्ट येणार आणि पोरगा पहाऱ्यात परत जाणार. दुसरा म्हणजे स्वतःच्या पायाने थेट जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पला, म्हणजे येणारे-जाणारे जवान थांबतात त्या छावणीत, आणि तिथून युनिटला जायचं. आपणहून परत आलेल्या माणसाचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही. पण प्रवास दोन दिवसांचा, तिकीट हातात नाही, आणि दिवस सातच.

काय केलं

मी जम्मू म्हटलं. माझ्यासमोर त्याने कंपनीच्या सिनियर जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याचे) साहेबांना फोन लावला. पलीकडून आधी चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. मग साहेब म्हणाले, “किती तारखेला पोहोचतोस ते बोल.” त्या वाक्याने पोराच्या तोंडावर रंग आला. लगेच कमांडिंग ऑफिसरच्या नावे एक पानी अर्ज लिहिला : रजा कधी संपली, आई कधी पडली, ऑपरेशन कधी झालं, वाढीव रजेचा अर्ज कसा पाठवला, कधी निघतो आहे. कोर्टाच्या तारखेची गोष्ट लपवायची नाही, असं मी सांगितलं. दोन भावांपैकी एक तिथे पुरेसा होता, हे युनिटला कळणारच होतं. अर्ज ईमेलने गेला आणि स्पीड पोस्टनेही. त्याची एक प्रत पोलिस ठाण्यात देऊन पोच घेतली, म्हणजे त्यांनाही कळलं की माणूस परत चालला आहे.

कागदांची फाइल तयार केली. हॉस्पिटलचा डिस्चार्ज, बिलं, खुब्याच्या एक्स-रेचं रिपोर्ट, १० एप्रिलच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपाची छापील प्रत, कोर्टाच्या तारखेचा उतारा. एक्स-रेची मोठी पिशवी आईने घडी न घालता न्यायला लावली. तिला वाटत होतं की साहेबांनी मोडलेलं हाड डोळ्यांनी पाहिलं तर लेकराला सोडतील.

४ मेच्या रात्री त्याने कोल्हापूर सोडलं. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसचं ५ तारखेचं तत्काळ तिकीट मिळालं नाही, ६ चं मिळालं. ते दोन दिवस मी नीट झोपलो नाही. ८ मेला त्याने जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पला हजेरी लावली. अठ्ठाविसावा दिवस.

निष्पत्ती

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली नाही. आरोप लागला तो कलम ३९ चा, पुरेशा कारणाशिवाय रजा ओलांडल्याचा. कमांडिंग ऑफिसरसमोर आर्मी रूल २२ प्रमाणे सुनावणी झाली. त्यात जवानाला साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, आपले कागद आणि साक्षी देता येतात. आईचं ऑपरेशन मान्य झालं, पण ते पहिल्या काही दिवसांपुरतं. पुढचे दिवस कोर्टाच्या तारखेसाठी थांबला हे त्याने स्वतः सांगितलं, आणि ते पुरेसं कारण धरलं गेलं नाही.

कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसरला सिपाहीला २८ दिवसांपर्यंत सश्रम कैद देता येते. याला २१ दिवस मिळाले, युनिटच्या क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या कोठडीत. गैरहजर राहिलेल्या २७ दिवसांचा पगार कापला गेला. त्याच्या वर्तणुकीच्या शीटवर लाल शाईची, म्हणजे मोठ्या शिक्षेची, नोंद झाली. त्याच्या नावावर आधीची एक लाल नोंद होती, आता दोन झाल्या. अशा चार नोंदी झाल्या की डिस्चार्जचा विषय निघतो. नुसत्या संख्येवर काढता येत नाही, आधी चौकशी आणि बाकीच्या नोकरीचा विचार हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सांगितलं आहे. तरी पुढची १० वर्षं त्याला जपून काढायची आहेत. नोकरी टिकली. डेझर्शन हा शब्द त्याच्या कागदांवर कुठेही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरुवात करतो. मी जम्मू निवडलं ते चुकलं असतं. ६ चंही तिकीट मिळालं नसतं, वाटेत गाडी अडकली असती, तर १० मे निघून गेला असता. आज असा कोणी आला आणि दिवस सातच उरलेले असले तर मी त्याला त्याच दुपारी बेळगावला घेऊन जाईन. एस्कॉर्टबरोबर जाण्याची लाज पोराला वाटली असती, पण तारीख पक्की झाली असती. आपणहून हजर झाल्याचा पुरावा तिथेही मिळालाच असता, कारण रेजिमेंटल सेंटरच्या गेटवर तो स्वतः चालत गेला असता.

दुसरी गोष्ट १० एप्रिलची. ऑपरेशनच्या दिवशीच सिनियर जेसीओंशी बोलून, हॉस्पिटलचा कागद ईमेलने पाठवून, ‘मंजूर’ हा शब्द लेखी मिळवायचा होता. नाही म्हटले असते तर लगेच निघायचं होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही युनिटशी बोलणं करून घेता येतं. कोणी तिकडे गेलंच नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त लागते, ती कोर्टाच्या तारखेची. पोरगा आईसाठी थांबला ते समजतं, पण शेवटचे दहा-बारा दिवस तो वाटेच्या दाव्यासाठी थांबला, आणि त्यासाठी थांबायची गरजच नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २८ जवानांसाठीच आहे. प्रत्यक्ष नोकरीत असलेल्या आणि दाव्यासाठी रजा न मिळणाऱ्या जवानाला आपल्या वतीने दावा लढवायला दुसऱ्या माणसाला लेखी अधिकार देता येतो, सही कमांडिंग ऑफिसरसमोर करायची. शिवाय १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट आहे. विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवा करणाऱ्या जवानाच्या बाजूने कोणी हजर नसेल, तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर न्यायालयाला काम पुढे ढकलावं लागतं. जवान अशा परिस्थितीत असताना त्याच्याविरुद्ध झालेला हुकूमनामाही काही अटींवर रद्द करून घेता येतो.

इथेही शब्दांकडे बघा. आदेश २८ मध्ये ‘प्रत्यक्ष नोकरीत’ आहे, १९२५ च्या कायद्यात ‘विशेष परिस्थिती’, आर्मी अ‍ॅक्टमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’. पेन्शनमध्ये तर विचारलं जातं की जवान ‘ड्यूटीवर’ होता का आणि इजेचा फौजी सेवेशी संबंध होता का. १९९९ मध्ये मदनसिंग शेखावत प्रकरणात रजेवर घरी जाताना जायबंदी झालेल्या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व पेन्शन दिलं. २०११ मध्ये जुझारसिंग प्रकरणात वार्षिक रजेवर असताना रस्त्यावर झालेल्या अपघाताचा सेवेशी संबंध नाही म्हणून नाकारलं. दोघेही नोकरीतले, दोघेही रजेवरचे. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ७० मध्ये तर याच अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर ठरतं की नागरिकाच्या खुनाचा खटला फक्त नेहमीच्या फौजदारी न्यायालयात चालेल की कोर्ट मार्शलसमोरही चालू शकेल. म्हणून फौजेचा कागद आला की मी आधी वर पाहतो, कुठल्या कायद्याखाली लिहिला आहे ते. त्यानंतरच शब्दाचा अर्थ लावतो.

वडिलांचं नाव रेकॉर्डमधून बदलून आईचं आणि बायकोचं लावायचा अर्ज त्याने क्वार्टर गार्डमधून सुटल्याच्या आठवड्यात केला. त्याच पाकिटातून आदेश २८ चं अधिकारपत्र आलं, कमांडिंग ऑफिसरसमोर सही केलेलं, थोरल्या भावाच्या नावे. गडहिंग्लजच्या पुढच्या तारखेला थोरला एकटाच गेला. कोर्टात ते पत्र दाखल झाल्याचा फोटो त्याने मला पाठवला. या वेळी कशाखालीही रेघ नव्हती.